मालनबाईच्या कोनाड्यातले खडे

मालनबाईचा दिवस चांगुणाला भिंतीतून ऐकू यायचा. दोघींच्या घरांमध्ये एकच मातीची भिंत होती. अजून उजाडलेलं नसायचं तोच त्या भिंतीवर तीन ठोके पडायचे, ठक, ठक, ठक, आणि चांगुणाचे डोळे उघडायचे. मग पलीकडून हंडा उचलल्याचा आवाज, चुलीतली फुंकर, भाकरी थापल्याचा आवाज.

"उठली बया," चांगुणा पडल्या पडल्या पुटपुटायची. "साऱ्या आळीला कळलं पाहिजे ना, ही उठली म्हणून!"

पण जाग आल्यावर पुन्हा झोप लागत नसे. आठ महिन्यांचा भीमा रात्रभर खोकायचा, रडायचा. त्याला मांडीवर घेऊन बसायचं, मग चूल, मग पाणी. एक करायला जावं तर दुसरं राहायचं. भाकरी झाली की ध्यानात यायचं, सोबत खायला कोरड्यास काहीच नाही. निघायच्या वेळी भीमाचं फडकं सापडत नसे. सापडलं तर ते ओलं असे.

१९७३ सालचा फाल्गुन होता. पाऊस दोन वर्षं रुसला होता. चांगुणाचा नवरा छगन टोळीबरोबर ऊसतोडीला गेला होता. पोर तान्हं म्हणून ती मागं राहिली आणि गावाबाहेरच्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मालनबाईचा नवरा रंगनाथही त्याच टोळीत गेला होता. तिच्या घरात शाळेत जाणारा मुलगा राधाकृष्ण, डोळ्यांनी अधू झालेली सासू बनुबाई आणि एक शेळी. म्हणजे काम चांगुणापेक्षा जास्तच. तरी सकाळी मालनबाई दारातून निघायची ती केस नीट विंचरून, फडक्यात भाकरी बांधून, पाण्याची कळशी काखेत घेऊन. मागे अंगण झाडलेलं, वाकळा घडी घालून ठेवलेल्या, शेळीपुढं पाला टाकलेला.

कामावरही तेच. ती उन्हाकडे पाठ करून बसायची. आधी मोठे दगड एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला करायची आणि मगच हातोडी उचलायची. एक घमेलं भरलं की उठून कंबर मागं वाकवायची, दोन घोट पाणी प्यायची आणि पुन्हा बसायची. चांगुणा तिच्याकडे बघत हातोडी मारायची. तहान लागून घसा सुकेपर्यंत ती पाणी पीत नसे, कारण उठलं की मालनबाई पुढं जाईल असं तिला वाटायचं. तरी संध्याकाळी माप घेताना मालनबाईचाच ढीग मोठा भरायचा.

"बसून बसून उठते आन् तरी पुढं," चांगुणा शेजारच्या दगडाबाईला म्हणाली. दगडाबाई म्हातारी होती आणि तिला सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं.

"हात चलाख हाय तिचा."

"हात? हाताला सूज हाय तिच्या. बघितली न्हाई का? मागच्या साली विषमज्वरातनं उठली ती अजून भरली न्हाई. मग ही ताकद कुठनं येती?"

दगडाबाईने हातोडी थांबवून मालनबाईकडे एकदा नीट पाहिलं.

त्याच आठवड्यात मुकादम गहिनीनाथने सगळ्या बायांना एकत्र बोलावलं. "लेकरं धुळीत लोळत्यात, ते साहेबांनी बघितलं," तो म्हणाला. "त्या लिंबाखाली छप्पर घालायचं ठरलंय. पोरं सांभाळायला एक बाई ठेवायची. खडी फोडायची न्हाई, मजुरी तेवढीच. ज्यांना पायजे त्यांनी नावं द्या. उद्यापासनं सात दिवस, हजेरीचं मस्टर पुकारायच्या आधी जी हजर असंल, तिला काम. दोघी राहिल्या तर चिठ्ठी टाकू."

चांगुणाने सगळ्यांच्या आधी नाव दिलं. खडीच्या ढिगाशेजारी गोधडीवर पडलेला भीमा तिला दिवसभर दिसायचा. त्याच्या पापण्यांवर पांढरी धूळ, छातीत घरघर. ते काम मिळालं तर तो सावलीत, आणि तिच्याजवळ. आणखी तीन बायांनी नावं दिली. चौथी मालनबाई.

"तुझं पोर कुठं तान्हं हाय, आक्का?" चांगुणाने विचारलं. आवाजातला काटा तिला लपवता आला नाही.

"तान्हं न्हाई गं. पर हे हात," मालनबाईने सुजलेली बोटं पुढं केली. "हातोडी धरवत न्हाई आता."

चांगुणाने बोटं पाहिली आणि मान वळवली.

तीन दिवसांत बाकीच्या तिघी गळाल्या. कुणाचं पोर आजारी, कुणाची झोप मोडली नाही. चौथ्या दिवशी दोघीच उरल्या. रोज पहाटे ठक, ठक, ठक. रोज चांगुणा चरफडत उठायची आणि रोज वेळेवर पोचायची.

सहाव्या दिवशी सकाळी तिची चूल पेटेना. विस्तव आणायला ती मालनबाईच्या दारात गेली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. चुलीच्या वर भिंतीत दोन कोनाडे होते. डाव्या कोनाड्यात खडे ठेवलेले. मालनबाईने हंडा खाली ठेवला, "झालं" असं पुटपुटली आणि एक खडा उचलून उजव्या कोनाड्यात ठेवला. सासूच्या डोळ्यांत औषध घातलं, पुन्हा "झालं", पुन्हा एक खडा उजवीकडे.

चांगुणाने विस्तव घेतला, पण तिचं लक्ष त्या खड्यांवर होतं. सगळे कामावरच्या खडीतले, खरबरीत. एकच काळा, गुळगुळीत.

कामावर पोचल्याबरोबर तिने दगडाबाईला गाठलं.

"पुटपुटती? आन् खडं हलवती?" दगडाबाईने डोळे बारीक केले. "मढीला गेल्ती न्हवं ती यात्रेला? तिथनं काय तरी मंतरून आनलं असंल. उगं न्हाई एवढं जमत."

"त्यातला एक काळा हाय."

"मग सारा जोर त्यातच असनार."

चांगुणाला हायसं वाटलं. मालनबाई आपल्यापेक्षा चांगली नव्हतीच तर! तिच्याकडे फक्त काहीतरी होतं, जे आपल्याकडे नव्हतं.

संध्याकाळी मालनबाई शेळी आणायला गेलेली पाहून चांगुणा पुन्हा विस्तवाच्या निमित्ताने गेली. बनुबाई बाजेवर बसली होती.

"कोन गं?"

"मी चांगुणा, आत्याबाई. विस्तव नेते."

"ने बाई. चुलीत असंल."

चांगुणाने खापरीत निखारा घेतला आणि दुसऱ्या हाताने तो काळा खडा उचलला. घरी आल्यावर तिने तो पिठाच्या डब्यामागे ठेवला. खडा लहानसाच होता, पण रात्री भीमाला थोपटताना तिची नजर त्या डब्याकडेच जात राहिली.

सकाळी तिला जाग आली ती तोंडावर ऊन पडल्यामुळे.

क्षणभर तिला काही कळेना. भिंत गप्प होती. पलीकडे शेळीही ओरडत नव्हती. मग ती ताडकन उठली. भाकरी नाही, पाणी नाही, केस तसेच; भीमाला कडेवर घेऊन ती धावत सुटली. वाटेत चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा चप्पल हातात घेतली.

गहिनीनाथने मस्टर मिटून काखोटीला मारलं होतं.

"मुकादम, माझं नाव..."

"पुकारलं तीन वेळा. आता तास झाला, बाई."

"पोर रातभर झोपू देत न्हाई हो!"

"ते खरं असंल. पर बाकीच्यांना गाळलं आन् तुला घेतलं, तर मला इथं कोन बसू देईल?" तो हळू आवाजात म्हणाला आणि मापाची फळी उचलून निघून गेला.

लिंबाखाली मालनबाई जमीन झाडून पोती अंथरत होती. चार पोरं आधीच तिच्याभोवती जमली होती. चांगुणाला वाटलं, तिथंच जाऊन ती पोती उचलून फेकावीत. पण मालनबाईच तिच्याकडे धावत आली.

"चांगुणे! अगं, मेले मी! तुला उठवायचं राहिलं!"

"मला?"

"रोज भिंत कोन वाजवतं मग? छगन जाताना सांगून गेल्ता, वहिनी, हिला पहाटं उठवत जा, हिची झोप म्हंजे दगड. आज कसं राहिलं कोन जाने. रस्ताभर वाटत हुतं, काय तरी इसरलंय, काय तरी इसरलंय. पर काय, तेच आठवंना."

"पर एवढं सगळं तुझ्या ध्यानात राहतं," चांगुणा कशीबशी म्हणाली.

"माझ्या? त्या तापानं डोकं धुऊन नेलं माझं! हंडा भरायला जायची आन् रिकामा घेऊन माघारी यायची. एकदा म्हातारीचं औषध दोनदा घातलं. मग राधाकृष्णच्या गुरुजींनी युगत सांगितली. रातीच खडं मांडायचं, एका कामाला एक. काम झालं की खडा दुसऱ्या कोनाड्यात. डावा कोनाडा रिकामा झाल्याबिगर उंबरा वलांडायचा न्हाई. पानी, भाकरी, औषध, शेळी, पोराची पाटी. आन् एक तू."

"मी कुठला?"

"काळा. तू काळी म्हनून काळा घेतला," मालनबाई हसली. मग तिचं हसू मावळलं. "खरं सांगू? हे सात दिवस त्यो खडा काढून ठेवावा, असं माझ्याबी मनात आलं हुतं. तुझ्यावर लई जळते मी. ना खडा लागत ना दोरा, सारं तुझ्या डोक्यात. पर काढवला न्हाई. आन् आज बघ, आपोआपच राहिला. कुठं पडला असंल?"

चांगुणाला खरं सांगून टाकावंसं वाटलं. सांगू नये असंही वाटलं. भीमा खोकू लागला, तसं मालनबाईने हात पुढं केले. त्याच्या पापण्या पदराच्या ओल्या टोकाने पुसल्या, त्याला उभा धरून पाठीवर हलक्या थापट्या मारल्या. "आडवा टाकू नको खोकताना. आन् पानी उकळून दे त्याला, रातीच उकळून ठेवायचं, म्हंजे सकाळी धावपळ न्हाई." भीमाचा खोकला थांबला. त्याने मालनबाईच्या नाकाला हात लावला आणि तो खुदकन हसला.

ते हसू चांगुणाच्या काळजात सुईसारखं गेलं. ते तिच्या वाट्याचं हसू होतं.

"आक्का," ती खाली बघत म्हणाली, "खडा माझ्याकडं हाय. मंतरलेला वाटला, म्हनून उचलला."

लिंबाखालचं एक पोर रडायला लागलं, दुसऱ्याने त्याच्या हातातली काडी हिसकावली. मालनबाई म्हणाली, "तुला काय मी मंतर करती असं वाटलं?"

"दगडाबाई म्हनली."

"दगडाबाईचं ऐकून तू सात दिवसांची मेहनत घालवलीस!" तिचा आवाज चढला. "आन् माझी सकाळ नासवलीस. अर्ध्या रस्त्यातनं माघारी जाऊन मी चूल बघून आले, म्हातारी बघून आले. वाटलं, घराला आग तर न्हाई लागली." मग भीमाला दुसऱ्या खांद्यावर घेत ती म्हणाली, "पोर हितं ठेव. दुपारी पाजायला ये. खडा संध्याकाळी आनून दे."

"उद्यापासनं उठवशील?"

"न्हाई. तुझं तू उठ."

संध्याकाळी चांगुणाने काळा खडा नेऊन दिला. मालनबाईने तो घेतला. चांगुणा दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "झोपताना तांब्याभर पानी पीत जा. पोटच उठवतं मग."

"एवढं पानी हाय कुठं, आक्का?"

"मग अर्धा तांब्या पी. अर्धी तर जागी होशील!"

त्या रात्री चांगुणाने भीमासाठी पाणी उकळून झाकून ठेवलं, फडकी वाळवून उशाशी ठेवली आणि चुलीशेजारच्या डाव्या कोनाड्यात पाच खडे मांडले. थोडा विचार करून सहावा ठेवला. अर्धा तांब्या पाणी प्यायली.

शुक्राची चांदणी अजून वर होती तेव्हा तिला जाग आली. ती परसाकडे जाऊन आली आणि घरात शिरल्याबरोबर सरळ भिंतीशी गेली. पलीकडे अजून काहीच आवाज नव्हता. तिने मूठ वळली आणि मन लावून तीन ठोके मारले.

"कोन मेलं तिकडं?" पलीकडून झोपेतला आवाज आला.

"मी हाय, आक्का. आज मी आधी!"

आणि तिने सहावा खडा उचलून उजव्या कोनाड्यात ठेवला.