केरबांसाठी खुर्ची

केरबा पोवार दालनात शिरले आणि प्रदर्शनातल्या सगळ्या खुर्च्या उठून उभ्या राहिल्या.

त्यांची लेक वैजयंता दारातच थबकली. खुर्च्या तिने आणि तिच्या दोस्तांनी मिळून केलेल्या. स्वतःला 'वाकडी मंडळी' म्हणवणाऱ्या या टोळीने काटकोनाशी उभा दावा मांडला होता. राणी रंगाची पाठ, पोपटी हात, एक पाय लाटण्यासारखा तर दुसरा नागमोडी, वर मोझेक फरशीच्या छापाचा सनमायका. 'फर्निचर माणसाचा नोकर नाही,' असं दारावरच ठळक लिहिलेलं. निम्मं कोल्हापूर हसून गेलं, उरलेलं हसायलासुद्धा आलं नाही.

हसू दे. वैजयंताला एकाच माणसाला बसवायचं होतं. केरबा एसटीत कंडक्टर होते. जन्मभर दुसऱ्यांना जागा करून देत स्वतः उभे राहिले आणि पायांच्या शिरा फुगवून घरी आले. लेकीने बँकेतली नोकरी सोडली तेव्हा म्हणाले होते, "खुर्ची सोडून खुर्च्या करायला निघालीस व्हय!" तेव्हापासून ते तिच्याकडे उभ्या उभ्या येत, पाणी पीत आणि उभ्या उभ्याच जात. बाप आपल्या घरात टेकत नाही, हे तिला आतून कुरतडत होतं. आज मात्र ते फोनवर कबूल झाले होते. "बसतो. तुझ्याच खुर्चीत बसतो. झालं समाधान?"

ती खुर्ची त्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या बेताने मुद्दाम ठेंगणी केलेली. आता ती त्यांच्या छातीला लागत होती.

"हिला काय झालं गं?" केरबांनी विचारलं.

"उभी राहिली."

"ते दिसतंय न्हवं. का?"

"तुम्ही मोठे, म्हणून."

केरबांनी मान डोलावली. वडीलधारं माणूस आलं की उठायचं, हे त्यांनीच लेकीला शिकवलं होतं, प्रसंगी धपाटा घालून. त्यामुळे खुर्चीला नावं ठेवायची सोय नव्हती.

टोळीचा म्होरक्या आरिफ शिकलगार धावत आला. स्वारी आनंदाने नुसती फुलली होती. "वैजू, जमलं की गं! आता ह्यांच्यावर कुणाच्या बापाला बसता यायचं नाही!"

"माझ्याच बापाला बसायचंय, आरिफ."

"मग आपल्या चळवळीचं काय?"

"चुलीत गेली चळवळ. करवत आण."

तिने खुर्चीचे पाय कापले. तुकडे खाली पडले. खुर्ची मात्र तेवढ्याच उंचीवर अदबीने उभी राहिली. आरिफने रखवालदाराची प्लास्टिकची खुर्ची आणली, ती त्याच्या हातातच वर सरकली. केरबा म्हणाले, बाहेर पायरीवर टेकतो. त्यांना येताना पाहून पायऱ्याही उठल्या आणि दारात भिंत झाली. आता बाहेर जायला वाट उरली नाही.

जमिनीवर बसावं, तर गुडघे तेवढे वाकत नव्हते. मागच्या खुर्च्या मान द्यायला पुढे आल्या, त्यांच्यामागच्या आणखी पुढे. दालन एसटीसारखं अरुंद होत गेलं, लांबत गेलं. केरबांनी सवयीने हात वर केला आणि छताखाली आलेली दांडी धरली.

"आत सरका," ते पुटपुटले. कुणीच सरकलं नाही. त्यांच्या पोटऱ्या थरथरू लागल्या, तशी वैजयंताला रडू फुटलं.

मग तिने डोळे पुसले आणि भिंतीला पाठ लावली. शाळेत शिक्षा म्हणून करायला लावत, तशी खुर्ची केली. मांड्या सपाट झाल्या, गुडघ्यांत नेमका काटकोन झाला. आरिफने तोंड फिरवलं.

"बसा, बाबा."

"लेकीच्या मांडीवर?"

"लहानपणी, तुमच्या सुट्टीला, गारगोटीच्या एसटीत मी तुमच्या मांडीवर बसून यायची. बसा. मला भार नाही व्हायचा."

केरबांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "लई दमलो गं, वैजे," ते म्हणाले. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी दांडी सोडली, पाठ वळवली आणि डोळे मिटून अंग खाली सोडलं. त्यांच्या पायजम्याचं कापड तिच्या मांडीला लागलं मात्र, वैजयंताचे गुडघे आपोआप सरळ होऊ लागले.