पस्तीस नंबरचा जोड

परदेशी जायच्या अर्जाची फाइल तिकडे पोचली तेव्हापासून वेल्डरच्या घरात सगळं "तिकडे गेल्यावर" या दोन शब्दांपाशी अडलं होतं. गळका नळ बदलायचा? राहू दे, जायचंच आहे. मुलीला नवे बूट? तिकडे थंडी असते म्हणे, तिकडचेच घेऊ. मुलगी तर शाळेत सगळ्यांचा निरोप घेऊन मोकळी झाली होती, आणि रोज पुन्हा त्याच वर्गात जाऊन बसताना ओशाळत होती. हत्ती गेला होता, शेपूट तेवढं अडकलं होतं. कुशल कामगार म्हणून अर्ज मंजूर व्हायला आता एक फोन यायचा बाकी होता. तिकडच्या कचेरीतून कुणीतरी कामाबद्दल चार प्रश्न विचारणार, की झालं.

"मोबाइल आंघोळीलासुद्धा सोबत न्या," एजंटाने बजावलं होतं. "आणि फाइलमध्ये जे आहे तेच सांगा. तसूभर फरक नको."

फाइलमध्ये जे आहे त्याचीच तर वेल्डरला भीती होती. त्यातही एका फोटोची.

झालं होतं असं. वाफेच्या पाइपांचं काम करणाऱ्या वेल्डरला परीक्षा द्यावी लागते आणि पास झाला की त्याला नंबर मिळतो. केलेल्या प्रत्येक जोडाशेजारी तो नंबर पंचाने, म्हणजे पोलादी ठशाने, ठोकायचा, म्हणजे उद्या काही बरंवाईट झालं तर कुणाचा हात होता ते कळतं. आपल्या वेल्डरचा नंबर पस्तीस. एजंट म्हणाला, जोड आणि नंबर एकत्र दिसेल असा फोटो हवा. आता आली का पंचाईत! याने आयुष्यभर केलेले जोड एकजात पत्र्याच्या आवरणाखाली गाडलेले. याच्या फोटोसाठी कोणता मालक आपला बॉयलर सोलून देणार?

उघडा असा एकच जोड होता. बायको ज्या लॉन्ड्रीत इस्त्रीला होती तिथल्या बॉयलरच्या खोलीत, भिंतीतून इस्त्रीच्या दालनात जाणाऱ्या मोठ्या पाइपावर. दिसायला लोण्यासारखा. पण तो याचा नव्हता. हा रजेवर असताना याच्या वर्कशॉपच्या मिस्त्रीने तो चटपटकडून करून घेतला होता. चटपट म्हणजे परीक्षा न दिलेला, नंबर नसलेला, दिवसाचं काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकणारा गडी. पुढे तो वेल्डिंग सोडून टेम्पो चालवायला लागला. जोडाशेजारची जागा कोरीच राहिली. आपला शहाणा एका दुपारी बायकोला डबा द्यायच्या निमित्ताने गेला, तिथे पस्तीस ठोकला आणि फोटो काढला. बिननंबरी काम झाकलं जात होतं म्हणून मिस्त्रीलाही ते सोयीचंच होतं, त्याने फोटोखाली डोळे मिटून सही दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची! एवढी वर्षं चाललाय जोड, त्याला काय धाड भरलीय, अशी वेल्डरने मनाची समजूत घातली.

मग एका संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "अहो, आज बॉयलरच्या खोलीत कुणीतरी शीळ घालतंय असं वाटत होतं. बारीक, लांबलचक. बायका म्हणाल्या, तुझ्या नवऱ्याच्या पाइपाला कंठ फुटला."

 जोड शीळ घालायला लागला म्हणजे काय, हे वेल्डरला कुणी शिकवायला नको होतं. वरून लोणी आणि आतून पोकळ. अशी चीर आधी नुसती आवाज करते. मग एक दिवस पाइप फुटतो, आणि समोर जो असेल तो वाफेने शिजून निघतो.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीच्या मालकाने त्याला बोलावून घेतलं. "पस्तीस नंबर तुमचाच ना? मिस्त्री म्हणतात, ज्याचा जोड त्यालाच विचारा. बंद करायचं तर सगळ्या कामाचा खोळंबा होतो. पण तुम्ही नाही म्हणालात तर आत्ता बंद करतो. तुमचा शब्द."

वेल्डरने बॅटरी मारून पाहिलं. जोडाच्या कडेने केसाएवढी रेघ गेली होती, आणि तिला लागूनच त्याचा नंबर होता. पस्तीसचा जोड फुटला असं एकदा झालं की फाइल संपली. फोन या आठवड्यात कधीही येईल.

"चालेल," तो म्हणाला. "थोडे दिवस चालेल."

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

घरी आल्यावर मात्र त्याला जेवण जाईना. "उद्या कामाला जाऊ नकोस," तो बायकोला म्हणाला.

"का?"

"नको म्हणतो ना."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तो पाइप बसवला तेव्हा तुम्ही माझ्या आईपाशी दवाखान्यात होतात. फोटो पाहिला तेव्हाच मला कळलं होतं. गप्प बसले, म्हटलं, मुलीचं भलं होतंय." मग तिने विचारलं, "मी नाही गेले, तर बाकीच्या बायकांचं काय?"

"एकदा फोन येऊ दे गं. मग मीच जाऊन सांगतो."

"तुमचा शब्द तुम्ही दिलाय, फिरवायचा तर तुम्हीच फिरवा. मी तोंड उघडणार नाही. पण त्यांना तिथे सोडून घरीही बसणार नाही."

सकाळी तो उठला तेव्हा तिचा डबा जागेवर नव्हता. तो तसाच धावत सुटला.

"तुम्ही आलात ते बरं झालं," गेटवरचा वॉचमन म्हणाला. "आवाज वाढलाय म्हणून बायका आत जायला तयार नव्हत्या. पण वहिनी सरळ आत गेल्या. वेल्डरची बायकोच गेली म्हटल्यावर बाकीच्याही गेल्या."

वेल्डर आत धावला.

बॉयलरच्या खोलीत शीळ कानात घुसत होती. मालक जोडाकडे बघत उभा होता. जोडासमोरच्या काचेच्या खिडकीतून पलीकडचं दालन दिसत होतं; पाइप फुटला तर ती काच वाफ अडवणार नव्हती. पाइप भिंतीतून जिथे बाहेर येत होता तिथल्या टेबलावर बायको पांढरी चादर ताणून इस्त्री करत होती. बाकीच्या तिच्या मागे ओळीने उभ्या होत्या.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. भलामोठा, अनोळखी नंबर.

"आपल्या अर्जाबाबत बोलायचं होतं," एक गोड आवाज म्हणाला. "सातव्या फोटोतला जोड आपण स्वतः केला आहे का?"

वेल्डरने खिडकीकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. शब्द शिळेत बुडाला.

"माफ करा, कसलीतरी शिट्टी वाजते आहे, ऐकू आलं नाही. हो की नाही?"

दैवाने शब्द गिळायची संधी दिली होती. मालकानेही ऐकलं नव्हतं. नुसतं हो म्हटलं की विमान. काचेपलीकडे बायकोने इस्त्री उभी केली आणि मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"नाही!" तो ओरडला. "माझा नाही तो जोड! बंद करा बॉयलर! बायकांना बाहेर काढा!"

मालक दोन पावलं मागे सरकला. बॉयलरवाल्याने धावत जाऊन आग बंद केली. पलीकडे टेबलं सरकली, आरडाओरडा झाला, चपला वाजल्या. फोनवरचा आवाज तितक्याच गोडपणे म्हणाला, "नोंद केली आहे. धन्यवाद."

शीळ उतरत उतरत थांबली. मालक पुन्हा जोडापाशी आला आणि वाकून त्याने नंबर वाचला.

"तुमचा नाही," तो म्हणाला. "मग तुमचा नंबर इथे कसा? आणि काल चालेल म्हणालात ते कशाच्या जोरावर?"

दारात बायको उभी होती, आणि तिच्या मागे सगळ्या बायका. आता त्या तिच्याकडेही बघत होत्या.

"सांगा," ती म्हणाली. "मला माहीत होतं, तेही सांगा."