रमची वकिली

कृष्णात हवालदार फौजेतून पेन्शनीत आले, पण कॅन्टीनची रम काही पेन्शनीत गेली नाही. रोज दिवेलागणीला तिची हजेरी ठरलेली. पुढे घराची पायरी चढतानाही धाप लागू लागली, पाय सुजले, तशी मनुबाईंनी नवऱ्याला गाडीत घालून सांगलीला नेलं.

डॉक्टरांनी इको काढला. "हृदयाचा स्नायू सैल पडलाय. ताणून मोठं झालंय हृदय. जोर निम्म्यावर आलाय."

"कशानं?" हवालदारांनी विचारलं.

"तुमच्या बाबतीत बहुतेक दारूनं. ती सोडलीत, गोळ्या नेमानं घेतल्यात, तर बरंचसं भरून येईल. एखाद्या तापानंतरही होतं, कधी कधी रक्तातूनही येतं."

हवालदारांनी 'रक्तातून' एवढंच ऐकलं आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"आमच्या घराण्यातच हाय ते," घरी येताच त्यांनी जाहीर केलं. "रमचा काय संबंध न्हाई. आमचा आजा बांधावर बसल्या बसल्या गेला!"

"आवं, आज्याला नाग डसला व्हता," मनुबाई म्हणाल्या.

पण हवालदार वकिलीला उभे राहिले ते राहिलेच. थोरले भाऊ लालासाहेब माळकरी, चहासुद्धा अर्धा कप पिणारे. त्यांना सांगलीला नेलं. इको नॉर्मल. "दादा, यंत्राखाली नीट झोपला व्हतास न्हवं?" हवालदारांना शंका. मग फलटणहून बहीण हरणाबाईला बोलावलं. तीही ठणठणीत. वर ऊसलागण खोळंबली म्हणून भावाला चांगलं फैलावर घेऊन गेली. निकाल लागेपर्यंत रम मात्र जामिनावर बाहेरच होती.

पूजा त्यांची एकुलती लेक. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे कॅनॉलच्या रस्त्यानं पळायची. एके दिवशी पळून आली ती दारातच टेकली.

"आप्पा, आज लय धाप लागली."

हवालदारांनी त्याच दिवशी गाडी बोलावली. पोरीला घेऊन ते आणि मनुबाई सांगलीला गेले. इकोच्या खोलीचं दार लागलं तसं हवालदारांच्या मनात आलं, ज्याच्यासाठी इतके दिवस भांडलो, तेच पोरीत निघालं तर? बाकावर बसून त्यांनी चारचौघांत बायकोचा हात धरला. असं त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

"मनू, दारूनंच झालेलं असू दे गं. दारूनंच असू दे."

मनुबाईही घाबरल्या होत्या. त्यांनी हात सोडला नाही.

दार उघडलं. पूजा हसतच बाहेर आली. "नॉर्मल हाय, आप्पा. उपाशीपोटी पळू नको म्हणाले."

हवालदार लहान पोरासारखे रडले. मग डोळे पुसून थेट डॉक्टरांपुढे सावधान उभे राहिले.

"सायेब, माझ्या कागदावर लिवा. दारूनंच झालंय. मोठ्या अक्षरात लिवा."

"आणि आता?"

"आता थेंबबी न्हाई."

"आन घरातली बाटली?" मागून मनुबाईंनी विचारलं.

हवालदार सावधानचे विश्राम झाले.

"ती तू वत मोरीत. माझ्या हातनं न्हाई व्हायचं."