सिस्टरना सांगते

हे सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचा बसलेलाही नाही, म्हणून तर दरवर्षी नव्या पोरींना नव्यानं सांगावं लागतं. तुमची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, तोंडं सगळ्यांची एरंडेल प्यायल्यासारखी झालीत, तेव्हा पुस्तकं मिटा आणि ऐका. गोष्टीत एक मामा येईल, वॉर्डात खाटा ढकलणारा. तो मीच. पण गोष्ट माझी नाही, त्यामुळे त्याला इतरांसारखं मामाच म्हणू आणि भिंतीला टेकवून उभा करू.

गोष्ट एका मावशीची. चौथ्या मजल्यावरच्या मेडिकल वॉर्डात ती अकरा वर्षं मावशी होती. म्हणजे पेशंटना बेडपॅनची भांडी देणं, भांडी नेणं, अंग पुसणं, चादरी बदलणं, कूस बदलून देणं. हाताला सवय एवढी की झोपलेल्या पेशंटची झोप न मोडता त्याच्याखालची चादर बदलायची. एकदा एक पेशंट घरी जाऊन दोन दिवस झाले होते, तरी हिनं सवयीनं रिकाम्या खाटेवर त्याची कूस बदलली, आणि तिकडे घरी तो झोपेतच डाव्याचा उजव्या अंगावर झाला. त्याच्या बायकोनं फोन करून विचारलं होतं, विश्वास नसेल तर नका ठेवू.

तर या मावशीनं संध्याकाळच्या वर्गाला नाव घातलं आणि चार वर्षांत नर्सिंगचा कोर्स पुरा केला. राहिली ती लायसन्सची परीक्षा. ती नसेल तर कोर्सचं सर्टिफिकेट भिंतीवर टांगायच्या कामाचं. तीनदा बसता येतं. तिसऱ्यांदा नापास झालात तर कोर्स पहिल्यापासून. मावशी दोनदा बसली होती आणि दोनदा नापास झाली होती.

पहिल्यांदा नापास झाली तेव्हा रडली. दुसऱ्यांदा रडू आलं नाही. पत्र वाचलं, घडी घातली, कपाटात ठेवलं आणि वाटाणे सोलायला बसली. त्या दिवसापासून तिला काही वाटायचंच बंद झालं. दुःख नाही, राग नाही. चहा गरम आहे की गार, हे कपातून वाफ येते का बघून ठरवायची. वॉर्डात थर्मामीटर तपासून बघायला म्हणून तिनं जिभेखाली धरला, तर त्यानं खोलीचं तापमान दाखवलं. मग तिनं स्वतःची नाडी धरली. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजली. एकही ठोका लागला नाही. तिनं कागदावर शून्य लिहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेली.

हसता कशाला? कागद होता. मी पाहिला आहे.

घरी ती, नवरा आणि दहावीतली मुलगी. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि घरी आल्यावर दिसेल ती वस्तू सदऱ्याच्या टोकानं पुसायचा. जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मुलीची पुस्तकं, दुसऱ्या बाजूला आईची. मुलगी सरावाचे प्रश्न वाचून दाखवायची.

"आई, पेशंटचं ऑपरेशन होऊन दोन तास झालेत. तो घामाघूम झालाय, नाडी जलद, बीपी उतरतंय. तू आधी काय करशील?"

"पर्याय वाच."

मुलीनं चारही वाचले.

"चौथा," आई म्हणाली.

"सगळ्यांना चौथाच कसा गं?"

"मग तिसरा."

"अहो, हिला जरा झोपू दे आज," नवरा मुलीला म्हणाला. वैतागला की तो मुलीलाही अहो म्हणायचा. मावशी ते बोलणं भिंतीपलीकडच्या रेडिओसारखं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या खोलीत ती उशांना अभ्रे चढवत होती आणि तिची सरावाची वही खोक्यावर पालथी पडली होती. मामानं वही उचलली. मामा आठवी शिकलेला, औषधांची नावं त्याला वाचता यायची नाहीत, पण चुकीची खूण त्याला कळायची. लाल खुणा तेवढ्याच बघत गेला. मग म्हणाला, "मावशी, तू काही नापास होत नाहीयेस."

"पत्र आहे माझ्याकडे."

"तू मावशी म्हणून पास होतेयस. हे बघ. चुकलेल्या प्रत्येक उत्तरात तू काय धरलंयस? नर्सला कळवा. वरिष्ठांना सांगा. मदतीला बोलवा. नर्सला कळवा. अगं, या प्रश्नात नर्स तूच आहेस. तू कुणाला कळवतेस?"

ती अभ्रा हातात धरून थांबली. अकरा वर्षं तिचं काम हेच होतं. पेशंट निळा पडला, सिस्टरना सांगते. सलाईन संपली, सिस्टरना सांगते. पेशंटनं हवा कशी आहे विचारलं तरी तोंडातून तेच आलं असतं.

"मला माहीत असतं बरोबर काय ते," ती म्हणाली. "पण बोट तिकडेच जातं."

"मग असं कर. प्रश्न वाचलास की आधी मनात म्हण, सिस्टर रजेवर आहेत."

"सगळ्याच?"

"सगळ्या. हॉस्पिटलातली एकूण एक सिस्टर. एकाच लग्नाला गेल्यात म्हण."

ती हसली नाही, पण तिनं ते वहीच्या कव्हरावर लिहून घेतलं.

परीक्षेच्या जागी खिसे उलटे करून दाखवायला लावले, घड्याळ काढून कुलपात ठेवलं, तळहाताचे ठसे घेतले. तुम्हाला ठाऊक आहेच, ते मशीन प्रत्येकाला वेगळे प्रश्न देतं. बरोबर उत्तर दिलंत की पुढचा अवघड, आणि एकदा त्याची खात्री पटली की मधेच बंद पडतं. तुम्ही पास झालात म्हणून बंद पडलं की नापास, ते काही बोलत नाही. मावशी खुर्चीत बसली. पोटात गोळा नाही, हाताला घाम नाही. सिस्टर रजेवर आहेत. पहिला प्रश्न. सिस्टर रजेवर आहेत. दुसरा. मशीननं तिला अवघड विचारलं, मग त्याहून अवघड. शेजारची पोरगी रडत बाहेर गेली, मागचा एक माणूस चक्कर येऊन पडला, दोन वेळा वीज गेली आणि आली, हिच्या पापणीला पत्ता नाही. शेवटी मशीनचं ज्ञान संपलं. प्रश्नाच्या जागी त्यानं लिहिलं की माझ्या आतला पंखा गरम होतोय, आधी काय करावं. हिनं त्यालाही उत्तर दिलं आणि मशीन बंद पडलं.

निकाल दोन दिवसांनी फोनवर आला. तेव्हा ती वॉर्डाच्या मागच्या मोरीत भांडी धूत होती. फोन कमरेला थरथरला. अजून तीन भांडी राहिली होती, ती धुऊन पालथी घातली, हात पुसले, मग बघितलं. पास.

संध्याकाळी घरी सांगितलं. नवऱ्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"मग चहा टाकू?" त्यानं विचारलं.

"टाका."

मुलगी गळ्यात पडून हुंदके द्यायला लागली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मिनिटाला अठ्ठावीस श्वास, तिच्या मनात आलं, थोडे जास्त आहेत. आणखी काही मनात आलं नाही.

मावशीला त्याच वॉर्डात नर्स म्हणून घेतलं. तीन महिने नजरेखाली, मग कायम. हजर व्हायच्या दिवशी ती वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे गेली. या बाई कडक, डोळ्यांनीच इंजेक्शन द्यायच्या.

"माझी मावशीची जागा तीन महिने भरू नका," ती म्हणाली.

"का?"

"नाही जमलं तर परत येते."

"लोक वर चढायला शिडी मागतात, तू उतरायला मागतेस," त्या म्हणाल्या. पण जागा भरली नाही. तात्पुरती म्हणून एक नवी मावशी ठेवली.

मामाला तिनं खरं काय ते सांगितलं. "मशीनसमोर ठीक होतं हो. तिथे कुणी मरत नाही. इथे एक पेशंट जरी माझ्या हातावर गेला, तर मी दुसऱ्या दिवशी मावशीचा निळा गाऊन घालून मोरीत उभी असेन. आधीच सांगून ठेवते."

पहिले पंधरा दिवस तिचे त्रिशंकूसारखे गेले. जुने पेशंट हाक मारायचे, "मावशी, भांडं." ती हातातला औषधांचा ट्रे ठेवून भांडं द्यायला जायची. इन्चार्ज ओरडायच्या. मग नव्या पेशंटांनी "सिस्टर" म्हणून हाक मारली की ती मागे वळून बघायची, कोण आलंय म्हणून. नव्या मावशीला तर प्रश्नच पडला होता. "मामा, यांना काय म्हणायचं? काल मावशी होत्या, आज सिस्टर. उद्या आत्या होतील का?"

सोळाव्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सातव्या खाटेवरच्या आजी गेल्या. म्हणजे जायला निघाल्या. या आजी शाळेतल्या निवृत्त बाई. पायथ्याशी टांगलेला तक्ता मागून घ्यायच्या आणि नर्सेसचं अक्षर सुधारायच्या. "हा नऊ आहे की पतंग?" असं त्यांनी सकाळीच हिला विचारलं होतं. आता त्यांचा हात खाटेखाली लोंबत होता आणि ओठ जांभळे पडत होते.

इन्चार्ज एका पेशंटला घेऊन तळमजल्यावर एक्स-रेला गेल्या होत्या. दुसऱ्या नर्सला त्या दिवशी सुट्टी होती. सातव्या खाटेपाशी ही उभी. तिनं मान वळवली, वॉर्डाच्या दाराकडे बघितलं आणि मोठ्यानं हाक मारली, "सिस्टर."

अकरा वर्षांची हाक. सगळा वॉर्ड ऐकत राहिला.

नवी मावशी धावत आली आणि हिच्याचसमोर उभी राहिली. "हो सिस्टर. सांगा, काय करू?"

आणि तिच्या तोंडातून आवाज आला, तो तिलाही कुणा तिसऱ्याच बाईचा वाटला. डॉक्टरांना फोन कर, लाल बटण दाब. मामा, ट्रॉली. उशी काढा. फळी पाठीखाली सरकवा. तिनं गुडघा खाटेवर टेकवला, तळहातावर तळहात ठेवला आणि आजींच्या छातीवर दाब द्यायला लागली. एक, दोन, तीन. तीस झाले की श्वासाची पिशवी, परत एक, दोन. हाताला काही जाणवत नव्हतं, बरगडी मोडल्याचा आवाज आला तोही लांबून आला. डॉक्टर जिन्यानं पळत आले, सुई लावली, औषध दिलं, म्हणाले, दमला असाल तर मी घेतो. ती म्हणाली, नाही. मोजणं थांबलं नाही. कपाळाचा घाम नवी मावशी पुसत होती. बावीस मिनिटं.

आणि मग, पोरींनो, इथे नीट ऐका. बावीस मिनिटं झाली आणि आजींनी डोळे उघडले. नुसते उघडले नाहीत, वर बघून म्हणाल्या, "हळू गं, बरगडी मोडलीस." उठून बसल्या. तक्ता मागितला. हिनं घाईत वेळ लिहिली होती, तिच्यातला शून्य त्यांनी गोल करून दिला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. आणि तिकडे आपल्या मावशीच्या बोटांना मुंग्या आल्या, मग मनगटाला, मग पार खांद्यापर्यंत. सगळं बधिरपण मुंग्या होऊन उतरलं. त्या दिवशी चहाचा घोट घेतला तर जीभ भाजली, एवढी ती जिवंत झाली होती. म्हणूनच ती नर्स राहिली आणि पुढे चढत चढत याच वॉर्डाची इन्चार्ज झाली.

"मामा," पुढच्या बाकावरच्या चष्मेवाल्या पोरीनं विचारलं, "आणि आजी उठल्या नसत्या तर?"

मामानं दोन्ही हात पसरले. "तर काय? बोलून ठेवलं होतं ना तिनं. दुसऱ्या दिवशी निळा गाऊन, मागची मोरी. सगळा खेळ आजींच्या उठण्यावर होता."

"खोटं आहे ते."

आवाज दारातून आला. पोरींनी माना वळवल्या. इन्चार्ज सिस्टर, म्हणजे गोष्टीतली मावशीच, हातात हजेरीचा कागद घेऊन केव्हापासून तिथे उभ्या होत्या कुणास ठाऊक. मामा उगाच बाक पुसायला लागला.

"मामा, आजी उठल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "दहा बत्तीसला गेल्या. वेळ मी लिहिली. मग बाराची औषधं द्यायची होती, ती द्यायला घेतली."