सात नंबरची शेकोटी

सत्तरीची वर्ना टटल आपल्या मोटारघरात राहून अमेरिकेतल्या इडाहोच्या जंगलात पर्यटकांसाठी असलेल्या तंबूतळाची उन्हाळाभर बिनपगारी देखभाल करायची. त्या आठवड्यात पलीकडचा डोंगर वणव्यात जळत होता, म्हणून शेकोटीला सक्त बंदी होती. तरी सात नंबरच्या जागेवर एका धटिंगणाने जाळ केलाच.

"विझव रे बाबा," ती दोनदा सांगून आली.

"ए आजी, तू जाऊन संडास घास. फुकटच्या नोकरांनी हुकूम सोडू नयेत!"

वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने पाण्याची बादली आणली आणि शेकोटीवर, वर भाजत असलेल्या मांसासकट, उपडी केली.

"संडास सकाळीच घासलेत," ती कडाडली. "आता गाशा गुंडाळ!"

तो शिव्या देत तंबू उपटू लागला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत ती तिथेच उभी राहिली.