काकूंच्या उजव्या हाताचे काम

मी एक जुना बर्नर आहे, आणि तोही बाजूचा. मित्रांनो, 'बाजूचा' हा शब्द नीट ऐकून ठेवा, कारण माझा मान आणि माझे दुःख दोन्ही त्यातच आहे. घरामागच्या अंगणात चाकांवर उभी राहणारी, मोठ्या झाकणाची गॅसची शेगडी तुम्ही पाहिली असेल. तिच्या जाळीवर कणसे, बटाटे, मासे भाजतात. त्या थोरलीच्या उजव्या अंगाला एक लहान पत्र्याचे झाकण असते आणि त्याच्याखाली एक गोल बर्नर असतो. तो मी. लोक ताटल्या घेऊन थोरलीभोवती उभे राहतात आणि माझ्या झाकणावर चिमटा, मिठाची डबी नि ओली फडकी ठेवतात. घरात पाहुणे आले की धाकट्याने फक्त सतरंज्या उचलायच्या, तशी माझी गत.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या तोंडाशी पांढऱ्या चिनी मातीच्या नळीत एक बारीक लोखंडी पिन बसवली आणि तिची तार पुढच्या काळ्या बटणापर्यंत नेली. यालाच इग्नायटर म्हणतात. बटण दाबून धरले की टक् टक् आवाज होतो, पिनेच्या टोकावरून निळी ठिणगी माझ्या काठावर उडी मारते, आणि तिथे गॅस वाट पाहत असला की मी पेटतो. शेवटच्या टेबलावर एक बाई प्रत्येक बर्नरची ठिणगी वाकून बघत असे. माझी ठिणगी बघून ती म्हणाली, "जा बाबा, सुखाने जळ." मला मिळालेला पहिला आशीर्वाद तो एवढाच.

मी ज्या घरी आलो तिथे दोन माणसे राहत होती. काका बसचे ड्रायव्हर होते आणि काकू घरीच शिवणकाम करत. त्यांची एकुलती लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. पहिल्याच दिवशी वाटणी झाली. थोरली काकांची आणि मी काकूंचा. सुटीच्या दिवशी काका थोरलीपुढे उभे राहून धुरात डोळे चोळत, पण माझे काम रोज सकाळचे. काकू माझे झाकण उघडायच्या, डाव्या हाताने चावी फिरवायच्या, उजव्या अंगठ्याने बटण दाबायच्या आणि चहाचे पातेले ठेवून शेजारच्या स्टुलावर हातशिलाई घेऊन बसायच्या. चहा उकळेपर्यंत एका सदऱ्याची कड पुरी व्हायची. कपडे न्यायला कोणी आले तर त्या सांगायच्या, "आत गॅस आहे हो, पण चहा मला याच्यावरचाच लागतो." थोरलीला हे ऐकू जावे म्हणून मी जरा जास्तच फरफरत असे.

मग काकू आजारी पडल्या. बरेच दिवस त्या अंगणात दिसल्या नाहीत. आल्या तेव्हा काकांच्या आधाराने आल्या आणि त्यांचा उजवा हात पोटाशी धरलेला होता. त्या हाताची बोटे मिटत नव्हती. सुई धरता येईना, कात्री तर दूरच. शिलाई मशीनवर कायमचे आच्छादन पडले. भाजी चिरणे, केस विंचरणे, दार उघडणे, सगळे डाव्या हाताकडे गेले. उजवा हात नुसता सोबतीला उरला.

एका सकाळी काका आंघोळीला गेलेले असताना काकू एकट्या माझ्यापाशी आल्या. डाव्या हाताने त्यांनी चावी फिरवली. मग उजवा हात उचलून त्यांनी तळव्याची टाच माझ्या बटणावर ठेवली आणि अंगाचा भार दिला. माझे बटण मोठे आहे, त्याला बोटे लागत नाहीत, नुसता भार पुरतो. टक् टक् झाले आणि मी पेटलो. काकू बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिल्या. मग स्टुलावर बसून थोड्या रडल्या आणि चहा उतू जायच्या आत डोळे पुसून उठल्या. त्या दिवसापासून घरातले एक काम उजव्या हाताचे झाले. मी रोज त्या तळव्याची वाट बघू लागलो. मला त्याचे वजन पाठ झाले होते.

आता काकांविषयी सांगतो. माणूस सोन्यासारखा, पण स्वच्छतेचे भारी वेड. त्यांची बस डेपोत सगळ्यांत चकचकीत असायची. निवृत्त झाल्यावर धुवायला बस उरली नाही, म्हणून ते आमच्यावर घसरले. तारेचा ब्रश घेऊन ते मला असे घासत की माझा काठ आरशासारखा व्हायचा. अशाच एका घासणीत ब्रश माझ्या पिनेला अडकला आणि पिन मागे वाकली. काकांना कळले नाही. मला कळले, पण मी सांगणार कसा?

दुसऱ्या दिवशी काकूंनी तळवा टेकवला. टक् टक् झाले, पण मी पेटलो नाही. त्यांनी पुन्हा भार दिला, पुन्हा नुसताच आवाज. काका धावत आले, बटणामागे नवी बॅटरी घातली, मग तिच्यावरही विश्वास बसेना म्हणून आणखी एक आणली. शेवटी त्यांनी लांब नळीचा लायटर आणला आणि मला पेटवून दिले. म्हणाले, "दुरुस्ती कशाला हवी? पेटवायला मी आहे ना."

हे ते मनापासून म्हणाले, मित्रांनो. आणि ते होतेही. रोज सकाळी ते लायटर घेऊन हजर असत. पण लायटरचा घोडा ओढायला बोटे लागतात, काडी ओढायलाही बोटे लागतात. काकू बाजूला उभ्या राहत आणि त्यांचा उजवा हात स्वेटरच्या खिशात असे. पुढे त्या म्हणू लागल्या, राहू द्या, आज बाहेर नको. मग काका आतच चहा करून त्यांना हातात आणून देऊ लागले. आपण बायकोची किती काळजी घेतो याचा त्यांना आनंद होता, आणि तिचे बोलणे का कमी झाले याचा घोर होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आले नाही.

माझे झाकण मिटले. झाकणाखाली ऋतू कळत नाहीत. पातेल्याचा खणखणाट ऐकला की मला वाटायचे, आल्या. पण तो आवाज स्वयंपाकघरातला असायचा. एक कोळी माझ्या तोंडावर जाळे विणून राहिला. मी त्याला हाकलले नाही, कारण तेवढीच सोबत होती. थोरली सुटीच्या दिवशी पेटायची, तिची ऊब पत्र्यातून माझ्यापर्यंत यायची आणि मला उलट जास्तच थंडी वाजायची. मला कौतुक नको होते, पाहुणे नको होते. मला फक्त तो तळवा हवा होता.

मग एकदा लेक माहेरी आली. आईची अवस्था बघून ती हळहळली आणि जाताना वडिलांना म्हणाली की हा बंद बर्नर काढून तिथे एक फळी बसवा, ताटल्या ठेवायला बरी पडेल. काकांना ते पटले. तिची गाडी वळते न वळते तोच ते पाना आणि पेचकस घेऊन अंगणात आले. त्यांनी सिलिंडर बंद केला, फळी मापून कापली, रंधा मारून गुळगुळीत केली आणि मग माझा पहिला स्क्रू फिरवला. स्क्रू सुटताना किरकिरला. मी मनात म्हटले, संपले.

काकू मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारले, काय करताय. काकांनी सांगितले. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या, माझे झाकण डाव्या हाताने उघडले, जाळे फडक्याने पुसले आणि काकांना म्हणाल्या, बटण दाबा. काकांनी दाबले. टक् टक् टक्. काकू कान देऊन ऐकत होत्या.

"आवाज आहे," त्या म्हणाल्या. "मशीन चालतं पण टाका सुटतो, तेव्हा मशीन नाही बिघडलेलं, सुई वाकलेली असते. तसंच काहीतरी असणार."

काकांनी वाकून बघितले. ऊन लख्ख होते, ठिणगी कुठे दिसणार? तेव्हा काकूंनी आतून अस्तराच्या काळ्या कापडाचा तागा आणायला लावला. तो दोघांनी माझ्यावर आणि आपापल्या डोक्यांवर घेतला. लग्नाला इतकी वर्षे झालेली ती दोन माणसे काळ्या कापडाखाली डोक्याला डोके लावून उभी राहिली. काकूंनी विचारले, कांदा खाल्लात का, आणि काका म्हणाले, समोर बघ. मग त्यांनी बटण दाबले. निळी ठिणगी उडत होती, पण माझ्या काठावर नाही. वाकलेल्या पिनेवरून ती मागच्या पत्र्यावर जाऊन फुकट मरत होती.

काकांनी पिनेकडे पाहिले. मग भिंतीला टांगलेल्या तारेच्या ब्रशाकडे पाहिले. कापडाखालून बाहेर येताना त्यांचा चेहरा पडला होता. काकू म्हणाल्या, "चांगली अंघोळ घालत होतात बिचाऱ्याला."

काकांनी चिमट्याने पिन पुढे वाकवली. त्यांचा स्वभावच असा की अंतर म्हणून ठेवायचे नाही. पिन त्यांनी थेट माझ्या काठाला टेकवली. बटण दाबले तर आता ठिणगीच नाही. ते आणखी दाबू लागले तेव्हा काकूंनी त्यांचा हात धरला. त्यांनी शिवणाचा डबा मागवला, त्यातून कोटाची एक जाड गुंडी काढली आणि काकांना दिली. "ही मधे धरा, हिच्याएवढी फट ठेवा आणि मग काढून घ्या. टेकली तर उडी कुठून मारणार?"

काकांनी तसे केले, गुंडी काढून घेतली, सैल स्क्रू परत आवळला आणि सिलिंडर उघडला. मग सवयीने त्यांचा हात बटणाकडे गेला.

"थांबा," काकू म्हणाल्या. "मला लावू द्या."

"अगं, मी आहे ना."

 काकूंनी उजवा हात स्वेटरच्या खिशातून बाहेर काढला. "तुम्ही आहात हो. तुमच्याशिवाय माझं पान हलत नाही, तेच तर झालंय. पण या हाताला घरात एवढं एकच काम होतं."

काका दोन पावले मागे सरले आणि त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. काकूंनी चावी फिरवली. तळवा टेकवला. तो मला पूर्वीपेक्षा हलका वाटला. टक् टक् झाले, पण बटण अर्धेच दबले आणि निसटले. काकांचा उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबल्यासारखा आपोआप दाबला गेला, पण हात पाठीमागेच राहिले. काकूंनी चावी बंद केली, गॅस उडून जाऊ दिला, श्वास घेतला आणि पुन्हा सगळा भार दिला. टक् टक् टक्. इतक्या दिवसांची साठलेली हाक माझ्या तोंडून भप्पकन निघाली. काकू दचकल्या आणि हसल्या. काका वळून भिंतीकडे बघत राहिले.

ती फळी आता काकूंच्या स्टुलाजवळ कप ठेवायला आहे. माझी सफाई मऊ फडक्याने होते. तरी मी म्हातारा झालो आहे आणि काकूही. पाऊस असला, त्यांना बरे नसले की त्या येत नाहीत, आणि मग झाकणाखाली मी पुन्हा तोच आवाज शोधत राहतो. एक दिवस त्या येणारच नाहीत, हेही मला कळते. तोवर प्रत्येक सकाळ मी अधाशासारखी जगतो.

मित्रांनो, वस्तूंना जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी फक्त एवढेच मागतो. तुमच्या घरातले कोणी थरथरत्या हाताने एखादे बटण दाबत असेल, तर जवळ राहा, पण लगेच हात पुढे करू नका. काकांच्या खिशात ती कोटाची गुंडी अजून आहे. सकाळी काकू माझ्यापाशी आल्या की ते खिशात हात घालून ती मुठीत धरतात आणि उभे राहतात.