कौशल्याच्या हातची लाटी

सकाळी सातलाच शेजारच्या नीलमच्या अंगणातून उडदाचं पीठ कुटल्याचा धपधप आवाज आला आणि कौशल्याचं डोकं सणकलं. अकोल्यातल्या त्या गल्लीची बारा वर्षांची रीत होती. एप्रिल लागला की पापडांच्या पाळ्या लावायच्या, आणि ज्या घरची पाळी तिथं बाकीच्यांनी पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. यंदा चार घरचे पापड वाळून डब्यात गेले, तरी कौशल्याला कुणी साधी हाक मारली नव्हती.

"तुमी आराम करा न वहिनी," एवढंच सगळ्या म्हणायच्या. आराम म्हणे! छातीतली गाठ काढली, अमरावतीला जाऊन सहा केमो झाल्या, डॉक्टरांनी झेपेल ते काम करायला सांगितलं. पण गल्लीनं तिला कपाटातल्या शोभेच्या बाहुलीसारखं बाजूला ठेवून दिलं होतं. दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमनी गेल्या खेपेला विचारलं, "राग येतो का हो तुम्हाला?" कौशल्या शहाण्यासारखी म्हणाली, "छे! सगळे किती करतात माझं." थाप होती ती, निव्वळ थाप.

तिनं डोक्याला रुमाल गुंडाळला, लाटणं उचललं आणि न बोलावता नीलमच्या अंगणात जाऊन बसली.

बायकांची बडबड तिथल्या तिथं थांबली. "या न वहिनी," म्हणत नीलम उसनं हसली आणि चहा घेऊन आली. बाकीच्यांना स्टीलचे कप, कौशल्याला कागदी. म्हाताऱ्या सुंदराबाईंनी पदर सावरत आपला पाट हातभर मागे सरकवला.

कौशल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा रोग असा कुणाला लागत नाही, हे तिनं यांना दहादा सांगितलं होतं. तेव्हा माना मात्र सगळ्यांनी डोलावल्या होत्या.

तिनं पिठाचा गोळा पुढ्यात ओढला, वळकटी केली आणि दोऱ्यानं भराभर लाट्या कापल्या. पहिली लाटी तेलात बुडवून तिनं नीलमपुढे धरली. कच्ची लाटी खाणं ही पापडांच्या दिवसांतली खरी चैन, आणि दरवर्षी कौशल्याच्या हातची पहिली लाटी नीलमचीच असायची.

"घे."

"माहा गुरुवार हाय न वहिनी. उपास हाय."

नीलमचे ओठ तेलानं चकचकत होते.

"उपास? मंग तोंडाले तेल कायचं लागलं वं?" कौशल्याचा आवाज चढला. "तुही सासू दवाखान्यात होती तवा दोन महिने तुमी सारे माह्या हातचं जेवले. तवा चाललं. गाठ माह्या छातीत होती नीलम, हातात नोती!"

नीलमचा चेहरा उतरला, डोळे भरले. तिनं लाटीसाठी हात पुढे केला.

कौशल्यानं त्या हाताकडे पाहिलं आणि लाटी आपल्याच तोंडात टाकली. सावकाश चावून खाल्ली.

"राग आला का वहिनी?" नीलमनं रडत विचारलं.

"आला. लय आला," कौशल्या म्हणाली आणि कागदी कप तिच्याकडे सरकवला. "हे उचल, अन् मले स्टीलच्या कपात चहा आण. लाट्या सरल्याबिगर मी उठत नाई."